दुसरी हाक

“हे लिहिलंय कोणी? आणि हे अजून चालतंय कसं?” ऋग्वेदाने विचारलं, सगळे हसले, आणि सगळ्यांबरोबर यशोदाही हसली. झालं एवढंच. परळच्या त्या काचेच्या इमारतीत, सकाळच्या मीटिंगमध्ये, भिंतीवरच्या पडद्यावर एक जुनी फाइल उघडी पडली होती. जावास्क्रिप्टची, म्हणजे वेबपानं चालवणाऱ्या भाषेतली. ओळीओळीला व्हार हा जुन्या चालीचा शब्द, फंक्शनच्या पोटात फंक्शन, त्याच्या पोटात आणखी एक, आणि मध्येच मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक टीप: हे काढू नये. ऋग्वेदा नुकतीच कंपनीत आलेली, चोवीस-पंचवीसची पोरगी. वाईट अजिबात नाही, उलट डबा सगळ्यांत वाटून खाणारी. तिने कुचकेपणाने विचारलं नव्हतं, तिला खरंच नवल वाटलं होतं. फाइलीवर नाव नव्हतं. ती लिहिली होती यशोदाने, दोन हजार नऊ साली, कंपनी दादरला एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती तेव्हा. ‘माझी आहे’ एवढं म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण शब्द ओठांवर येईपर्यंत हसू आधी बाहेर पडलं होतं, आणि एकदा हसून बसल्यावर मग म्हणायचं कसं? अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने आपल्याच पोराला हसणाऱ्यांत जाऊन बसावं, असं काहीतरी झालं. तिने समोरचा चहा ओढला. तो गार झाला होता, तरी तिने सगळा प्यायला.

ती फाइल म्हणजे भोईवाड्याकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातला टोकन-बोर्ड. ओपीडीत बाकांवर बसलेली माणसं माना वर करून ज्याच्याकडे बघत राहतात, तो. नंबर उमटतो, आवाज येतो, माणूस उठतो, डॉक्टरच्या खोलीत जातो. इतकी वर्षं तो बोर्ड मुकाट्याने चालला होता, आणि जे मुकाट्याने चालतं त्याची आठवण कोण काढणार? आता हॉस्पिटलला नवे पडदे हवे होते, पेशंटच्या मोबाइलवर नंबर हवा होता, आणि जुन्या बोर्डाला काही जोडायला गेलं की तो अडून बसायचा. सुशांत, त्यांचा मॅनेजर, यशोदापेक्षा बराच लहान आणि तिला नेमाने ‘मॅडम’ म्हणणारा, म्हणाला की वाटा दोनच आहेत. बाहेरून तयार माल घ्यायचा, नाहीतर आपण नव्याने लिहायचं. लिहिणार कोण? टीममधली पोरं लॅपटॉपात डोळे घालून बसली. हॉस्पिटलच्या नंबराच्या बोर्डात कोणाला रस असणार! “मी लिहिते,” यशोदा म्हणाली. सुशांतने जरा थांबून, जपून विचारलं की मॅडम, तुम्ही तर सपोर्टला आहात ना इतकी वर्षं. होती ती सपोर्टला. फोन उचलायचा, ‘बंद करून परत सुरू करा’ म्हणायचं, तक्रार मिटली अशी नोंद करायची, पुढचा फोन. मग तो जे बोलला ते गोड शब्दांत बोलला, पण अर्थ सरळ होता. चाचणी नीट झाली तर बोर्ड तिचा आणि ती पुन्हा कोड लिहिणाऱ्यांत. नाही झाली तर बोर्ड बाहेरच्यांचा, ती फोनवर, आणि हा विषय परत निघणार नाही. “चालेल,” ती म्हणाली. आपला आवाज इतका ठाम निघाला ह्याचं तिला स्वतःलाच बरं वाटलं.

संध्याकाळी बसमध्ये खिडकी मिळाली. लालबाग मागे पडलं, भायखळा आलं, सिग्नलला बस नुसती गुरगुरत उभी राहिली, आणि यशोदाच्या मानेपाशी सकाळच्या शरमेची ऊब पुन्हा चढली. राग म्हणावा तर राग नव्हता. ऋग्वेदावर कसला राग? आपण हसलो, हे सलत होतं. हसण्याचा तो आवाज अजून कानात होता, जरा मोठाच, सगळ्यांच्या वर जाणारा. अजून चालतंय कसं म्हणे! अगं बाई, मी लिहिलंय म्हणून चालतंय. हे उत्तर तिला आत्ता सुचलं, सिग्नलला, शेजारच्या बाईची भाजीची पिशवी मांडीला टोचत असताना. अशी उत्तरं नेहमी बसमध्येच सुचतात. तरी त्या उत्तरात दम होता. गिरगावात उतरेपर्यंत तिने ते मनात चारदा म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते जास्त खरं वाटलं. घरी मनमोहन, तिचा नवरा, बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन बसलेला, बोंबलांना पीठ लावत होता. तिने पर्स टेबलावर टाकली आणि सांगून टाकलं की मला पुन्हा शिकायचंय, जावास्क्रिप्ट, पहिल्यापासून. तो म्हणाला की तुला येतं की ते. तिने सांगितलं की मला येतं ते जुनं झालं. त्यावर त्याने तव्याकडे बघत विचार केला आणि म्हणाला, मग जेवण झालं की बस, भांडी मी बघतो. मनमोहनचं हे असंच. मोठं काही बोलायला गेलं की तो लहान काहीतरी करून दाखवतो.

शिकायला बसल्यावर पहिली गंमत कळली ती ही, की ही भाषा जन्मलीच मुळी घाईत. दहा दिवसांत, एका माणसाच्या हातून. आणि जन्मल्या जन्मल्या वर्षभरात तिची दोन-तीन नावं झाली. शेवटचं नाव, जावास्क्रिप्ट, ते तर त्या वेळी गाजत असलेल्या दुसऱ्याच भाषेच्या नावाला चिकटवून दिलेलं, नातं नाही नि गोतं नाही. हे वाचताना यशोदाला आपल्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं. तिच्या सासरी नव्या सुनेचं नाव बदलायची पद्धत. मांडवात मनमोहनपुढे ताट आणून ठेवलं, त्याच्या हातात अंगठी दिली आणि काढ म्हणाले नवं नाव. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. त्याने बराच वेळ तांदूळ इकडचे तिकडे केले आणि शेवटी लिहिलं, यशोदा. होतं तेच. नंतर तिने विचारलं तर म्हणाला, दुसरं काही चांगलं सुचलंच नाही. त्या दिवशी तिला हा माणूस आवडला, आणि तो अजून आवडतो. पण आत्ता विषय तो नव्हता. विषय होता लेट आणि कॉन्स्ट, व्हारच्या जागी आलेले दोन नवे शब्द. व्हारने ठेवलेली वस्तू घरभर फिरत राहते, लेटने ठेवलेली आपल्या खोलीत राहते, आणि कॉन्स्टने ठेवली की तिच्या जागी दुसरं काही ठेवताच येत नाही. एवढं साधं? ह्याच्या अभावी दोन हजार नऊमध्ये तिने रात्रीचं जेवण सोडून चुका शोधल्या होत्या. कुठल्या तरी लूपच्या चक्रातला मोजणीचा ‘आय’ बाहेर सांडायचा आणि भलत्याच ठिकाणी जाऊन वाढलेला सापडायचा. ती खुर्चीत मागे टेकून हसली. हे हसणं सकाळच्यासारखं नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र तिला लागली. इतकी वर्षं रखडत, भांडत, चौथी आवृत्ती अर्धवट टाकून देत चाललेल्या ह्या भाषेने एकदम कात टाकली ती दोन हजार पंधरा साली. बाणांची फंक्शन्स, क्लास, प्रॉमिस, सगळं त्या एका वर्षात आलं, आणि मग दर वर्षी पावसाच्या तोंडाला नवी आवृत्ती, कधी चार गोष्टी, कधी दोन. दोन हजार पंधरा. नेमकं तेच साल. यशोदाने लॅपटॉप थोडा लोटला. त्या वर्षी तिच्या सासूबाईंना, सुंदराबाईंना, दुखणं निघालं, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना भोईवाड्याला न्यावं लागायचं. म्हणून तिनेच सपोर्ट मागून घेतलं. ठरलेले तास, डोक्याला काम नाही, मधल्या वेळात निघता येतं. कोणी ढकललं नव्हतं तिला. त्या ओपीडीत, हिरव्या बाकावर, सुंदराबाईंचा हात आपल्या मांडीवर घेऊन ती आपल्याच बोर्डाकडे बघत बसायची. जुन्या बोर्डात आवाजही तिचाच होता. तेव्हा कंपनीकडे आवाज देणाऱ्या बाईला बोलवायची ऐपत नव्हती, म्हणून दादरच्या त्या खोलीत, पंखा बंद करून, तिने एक ते तीनशे आकडे मराठीत म्हणून ठेवले होते. एकदा सुंदराबाई म्हणाल्या, “आवाज ओळखीचा वाटतो गं.” ती म्हणाली, माझाच आहे. सासूबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, छे, तू कुठे इतकं गोड बोलतेस! बाकावरच्या दोघी-तिघी हसल्या. मग बोर्डाने यशोदाच्या आवाजात सुंदराबाईंचा नंबर पुकारला आणि यशोदानेच त्यांना धरून उठवलं. दोन वर्षं चाललं ते. त्या दोन वर्षांत भाषा कुठल्या कुठे गेली, आणि ह्या बाकावर बसलेल्या बाईला पत्ता नव्हता. वाईट वाटलं का? वाटलं. सासूबाईंसाठी गेलेल्या वेळेचं नव्हे. त्या गेल्यानंतर ती पुन्हा कोडकडे वळली नाही, त्या वेळेचं. तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. फोन वाजत राहिले, ती उचलत राहिली, आणि बघता बघता तिचं नाव नसलेली फाइल पडद्यावर आली.

पण ह्या भाषेची एक खोड तिला जसजशी कळत गेली तसतशी ती तिच्या प्रेमात पडत गेली. ही भाषा काढून काही टाकत नाही. नवं आणते, नवं मिरवते, सगळ्यांना सांगते की आता लेट वापरा, व्हार नको. पण व्हारला घराबाहेर काढत नाही. पहिल्या दहा दिवसांतल्या चुकासुद्धा तशाच ठेवल्यात, कारण जगात कुठे तरी कोणाचं तरी पान त्या चुकीवर उभं असेल. एकदा तर नव्या सोयीचं ठरलेलं नाव त्यांनी बदललं. का, तर एका जुन्या, कोणी न वापरणाऱ्या लायब्ररीने तेच नाव आधी घेतलेलं होतं, आणि त्यावर चालणारी जुनी पानं मोडली असती. यशोदाने हे दोनदा वाचलं. मोठमोठी माणसं देशोदेशींहून एकत्र बसतात, आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाचं जुनं पान मोडू नये म्हणून आपला शब्द मागे घेतात. ऋग्वेदाच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर होतं. ते अजून चालतंय, कारण कोणीतरी ते चालू राहावं ह्याची काळजी घेतलीय. मुंबईत एवढी काळजी कोणी कोणाची घेतलेली तिने फारशी पाहिली नव्हती.

मग ती सुटलीच. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात, संध्याकाळी जेवण झालं की टेबलावर. प्रॉमिस तिला पहिल्या झटक्यात कळलं नाही, तेव्हा तिने सरळ ऋग्वेदाला विचारलं. पोरगी खुर्ची ओढून बसली आणि मन लावून सांगायला लागली. उत्तर आत्ता नाही, पण आणून देते असा शब्द म्हणजे प्रॉमिस. आणि अवेट म्हणजे त्या शब्दावर विसंबून तिथे थांबायचं, पण थांबताना बाकीच्या जगाचं काम अडवायचं नाही. यशोदा म्हणाली की म्हणजे ओपीडीच. ऋग्वेदाला हे इतकं पटलं की तिने पुढे टीममध्ये दोघांना तसंच समजावलं. पायऱ्या पायऱ्यांनी आत आत जाणारी जुनी फंक्शन्स आता सरळ उभ्या ओळींत वाचता येऊ लागली, वरून खाली, पत्र वाचावं तशी. यशोदाच्या बोटांना हे सगळं गोड लागायला लागलं. सगळ्यात गोड लागला बाण. फंक्शन हा लांबलचक शब्द काढायचा, एक बाण मारायचा, झालं. जुन्या फंक्शनमध्ये ‘धिस’ म्हणजे कोण हे हाक मारणाऱ्यावर ठरतं. घरातल्याने हाक मारली तर एक, रस्त्यावरच्याने मारली तर दुसरंच. म्हणून तर ते ‘सेल्फ इज इक्वल टू धिस’ लिहून ठेवावं लागायचं, मी मूळची कोण हे विसरू नये म्हणून. बाणाला त्याची गरजच नाही. तो जिथे जन्मला तिथलं ‘धिस’ गाठीला बांधून नेतो, मग हाक कोणीही मारो. अशी सोय आपल्या लग्नाच्या वेळी असती तर, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःशीच खुदकन हसली. आणि मग तिने फाइलभर बाण मारले. दिसेल त्या फंक्शनला बाण. नव्याने गाडी शिकलेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडी घेऊन जातो, तशी. संध्याकाळपर्यंत फाइल निम्मी झाली. इतकी देखणी झाली की तिने मनमोहनला बोलावून दाखवली, आणि तो बिचारा कळत नसताना ‘वा’ म्हणाला.

ती टीप, ‘हे काढू नये’, तिने काढली नव्हती. त्या टिपेखाली जे होतं तेही नव्याने लिहून घेतलं होतं, बाणासकट. ते होतं दुसऱ्या हाकेचं काम. नंबर पुकारला आणि कोणी आलं नाही, तर बोर्ड तो नंबर फेकून देत नसे. पुढचे दोन जाऊ देई आणि मग त्याला पुन्हा हाक मारी. हॉस्पिटलने हे मागितलंच नव्हतं, यशोदाने आपल्या मनाने घातलं होतं. ती कॉलेजात असताना एकदा वडिलांना घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात गेली होती. बोर्ड-बिर्ड काही नाही, दाराशी शिपाई उभा, तो नंबर ओरडायचा, एकदाच. सकाळपासून बसून वडील हात धुवायला म्हणून गेले, आणि तेवढ्यात त्यांचा नंबर गेला. ती शिपायाला सांगत होती की आलेच, आलेच हो, आणि तो पुढचा नंबर ओरडला. वडील ओले हात रुमालाला पुसत आले. रागावले नाहीत, भांडले नाहीत. चूक आपली झाल्यासारखं ओशाळून म्हणाले, उद्या येऊ. वडिलांचं ते ओशाळं तोंड तिला अजून सहन होत नाही. ज्यांचा आवाज कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, ते एका शिपायापुढे ओले हात घेऊन उभे. दादरच्या खोलीत बोर्ड लिहिताना तिला दुसरं काही आठवलं नव्हतं, ते हात आठवले होते.

चाचणी शनिवारी ठेवली. एकच खोली, चार नंबरची, बाकीच्या जुन्या बोर्डावरच. ऑफिसात तिने नवा बोर्ड पुन्हा पुन्हा चालवून पाहिला होता, एकदाही अडखळला नव्हता. सुशांत आला, हॉस्पिटलचे एक ट्रस्टी आले, ऋग्वेदा हौसेने आली. नवा पडदा लखलखीत, आवाजही नवा, समोर येईल ते वाचून दाखवणारा. यशोदा कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली. बाक तेच होते, फक्त हिरव्याचे निळे झालेले. पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं, कॉटन ग्रीनहून आलेलं. हे सगळ्या ओपीडीला ठाऊक होतं, कारण म्हातारी, रखमा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की सकाळी निघालो, बस लगेच मिळाली, आणि ह्यांना, म्हणजे दगडूला, घरी बसवत नाही नि इथेही बसवत नाही. दगडू फाइल छातीशी धरून बोर्डाकडे बघत होता. पहिला नंबर लागला, माणूस उठला. दुसरा लागला, उठला. सुशांतने मान डोलावली. यशोदाच्या पाठीचा कणा हळूहळू सरळ होत गेला. मग एक्केचाळीस नंबर लागला आणि कोणी उठलं नाही. पुढचे दोन गेले. आणि तो गोड नवा आवाज, अजिबात न अडखळता, म्हणाला: टोकन क्रमांक अनडिफाइन्ड, खोली क्रमांक चार. पडद्यावर तेच, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: नंबर ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यशोदाला आधी काही कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. ऑफिसातल्या चाचणीत तिचा प्रत्येक पेशंट वेळेवर हजर होता. कोणी चहाला गेलं नव्हतं, कोणी हात धुवायला गेलं नव्हतं. दुसरी हाक तिने नव्याने लिहिली, देखणी केली, आणि एकदाही मारून पाहिली नाही. तिने! ज्या एका कामासाठी टीप लिहून ठेवली होती, तेच तिने बाण मारताना तपासलं नव्हतं. बाण आपलं जन्मघर घेऊन आला होता, आणि त्या घरात टोकनाचा नंबर कधी नव्हताच. ट्रस्टींनी सुशांतकडे पाहिलं, सुशांतने तिच्याकडे. आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरून दगडू उठला. फाइल सावरली आणि चार नंबरच्या दाराकडे चालायला लागला.

रखमाने त्याचा सदरा मागून धरला. “खंय चाललास? तुजो नंबर नाय तो.”

“कोणाचोच नाय ना?” दगडू म्हणाला. “मग माझो.”

कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, रखमाही हसली, आणि दगडूला ओढून बाकावर बसवलं. यशोदा मात्र ह्या वेळी हसली नाही. ती त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली. किती सोपं आहे हे, तिच्या मनात आलं, आणि मला त्या दिवशी जमलं नाही. सुशांत जवळ येऊन हळूच म्हणाला की मॅडम, जुना लावूया का परत, ट्रस्टी थांबलेत. त्याला तिला दुखवायचं नव्हतं, पण त्याच्या आवाजात तो जपूनपणा पुन्हा आला होता. ऋग्वेदा घाईघाईने म्हणाली की कदाचित नेटवर्कचं असेल. “नेटवर्कचं नाही,” यशोदा म्हणाली. “चूक माझी आहे. आणि त्या दिवशी कोणी लिहिलीय म्हणून तू विचारलंस ती जुनी फाइल, तीही माझीच. मला थोडा वेळ द्या, सिस्टरना तोंडाने नंबर घेऊ द्या तोवर.” ती हे मोठ्याने बोलली, ट्रस्टींना ऐकू जाईल असं. ऋग्वेदाचे कान लाल झाले. यशोदाने तिला हाताने स्टुलाशेजारी बोलावलं, म्हणजे बघ तू पण, ह्या अर्थाने. मग फाइल उघडली. टोकनाला ज्या दारातून हाक जाते त्या बाहेरच्या फंक्शनचा बाण तिने काढला आणि साधं, जुन्या चालीचं फंक्शन ठेवलं, हाक मारणाऱ्याला ओळखणारं. आणि त्याच्या आत, पुढचे दोन नंबर मोजून पुन्हा पुकारणारं जे छोटं फंक्शन होतं, त्याचा बाण मात्र तसाच राहू दिला. तो तिथे हवाच होता, ती ‘सेल्फ’ची जुनी ओळ जे काम करायची तेच काम करायला. बाहेर जुनं, आत नवं. दोन्ही ठेवलेत ते उगाच नाही, ती ऋग्वेदाला म्हणाली, आणि दोन ओळींवर बोट ठेवून दाखवलं. पोरीने मान हलवली, आणि कोणाला तरी सांगायचं असल्यासारख्या त्या ओळी स्वतःशी पुटपुटल्या.

एक्केचाळीस नंबरची बाई तोवर कडेवरच्या पोराला गप्प करून परत आली होती, तिला सिस्टरनेच आत घेतलं. बोर्ड पुन्हा चालू झाला. एक गेला, दुसरा गेला. मग सत्तेचाळीस लागला आणि कोणी उठलं नाही. यशोदाने बाकांवर नजर फिरवली. पुढच्या बाकावर दगडूची जागा रिकामी होती, रखमाचीही. शेजारच्या माणसाने सांगितलं की म्हातारीने त्याला खाली चहाला नेलं, आजोबा रुसले होते. पुढचा नंबर गेला. त्याच्या पुढचा गेला. सुशांत घड्याळ बघत नव्हता, पण आपण ते बघू नये म्हणून त्याने हात खिशात घातले होते हे तिला दिसत होतं. आता. टोकन क्रमांक सत्तेचाळीस, आवाज म्हणाला, खोली क्रमांक चार. पडद्यावर सत्तेचाळीस, पांढरा, ठळक. सुशांतने खिशातून हात काढले आणि ट्रस्टींना काहीतरी सांगायला लागला. तिच्याजवळून जाताना म्हणाला की सोमवारपासून सपोर्टचे फोन कोण उचलणार ते बघायला हवं. तिने ऐकलं, बरं वाटलं, आणि तरी तिचं लक्ष जिन्याकडेच होतं.

जिन्यावरून आधी रखमाचा आवाज आला, मग रखमा, आणि तिच्या मागून दगडू, अर्धा चहा राहिलेला कागदी कप हातात तसाच. तो दारात थांबला. मघाच्या हसण्याने त्याने चांगलाच धसका घेतला होता. बोर्डाकडे बघून त्याने हातातला कागद वाचला, पुन्हा बोर्ड वाचला, आणि सगळ्या ओपीडीला नव्हे, फक्त बायकोला विचारलं की आता तरी माझो मां?

“तुजोच,” रखमा म्हणाली. “परत बोलवतत तुका. जा.”

दगडूला कप कुठे ठेवावा ते कळेना. यशोदा स्टुलावरून उठली, त्याच्या हातातून कप घेतला, आणि तो आत जाऊन दार लागेपर्यंत धरून उभी राहिली. चहा अजून गरम होता.